कांदा रडवत नाही तेव्हा

पत्र

नमस्कार डॉक्टर,

पंचवटीत आमचं मिसळीचं छोटं दुकान आहे. सासूबाई ६३ वर्षांच्या आहेत. साखर १७ वर्षांपासून, मेटफॉर्मिनच्या गोळ्या चालू आहेत. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तीन वर्षांपूर्वी झालं. दुकानाचा कांदा अजून त्याच चिरतात, दुसऱ्या कुणाला सुरी धरू देत नाहीत. यंदा कांदेनवमीला घरी भज्यांचा घाट घातला होता. माझ्या आणि जाऊबाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि सासूबाई मांडी घालून शांतपणे चिरत होत्या. म्हणाल्या, "चाळीस वर्षं कांदा चिरतेय, माझे डोळे पक्के झालेत आता." तेव्हा आम्ही हसलो. पण गेले दहा-बारा दिवस त्यांचा उजवा डोळा लालसर आहे, त्या डोळ्याने धूसर दिसतं म्हणतात. दुखत अजिबात नाही, म्हणून डॉक्टरकडे यायला तयार नाहीत. मेडिकलमधून थेंब आणून घालतात. माझ्या दिरांनी मोबाइलवर पाहिलं की अश्रू तपासून डोळ्याच्या नसांची तब्येत कळते. अशी तपासणी नाशिकमध्ये होते का, की मुंबईला न्यावं लागेल? आणि कांद्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

— एक सून, पंचवटी

उत्तर

ताई,

अश्रूंच्या तपासणीचं नंतर बोलू. आधी सासूबाईंना उद्याच्या उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. इतक्या वर्षांची साखर, एकच डोळा लाल, नजर धूसर आणि तरीही दुखणं नाही, या सगळ्या गोष्टी एका माणसात जमल्या की मला दुखणाऱ्या डोळ्यापेक्षा जास्त काळजी वाटते. दुखणारा डोळा माणसाला रात्री झोपू देत नाही, सकाळी तो आपणहून दवाखान्यात येतो. न दुखणाऱ्या डोळ्याचा माणूस घरी बसतो. तेवढ्या दिवसांत बुबुळावरच्या बारीक खरचटण्याची जखम होते, जखमेत जंतू शिरतात, आणि पुढे सगळं भरून आलं तरी डोळ्यात फूल पडून राहतं. सासूबाईंना हेच झालंय असं मी म्हणत नाही. साधे डोळे आलेले असतील, कोरडेपणा असेल, आणखीही काही असेल. पण ते स्लिट लॅम्प नावाच्या, डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही.

आता कांदा. संबंध आहे, आणि तुम्ही तो नेमका हेरलात.

कांदा नुसता टोपलीत पडून असतो तेव्हा कुणाला रडवत नाही. सुरीने त्याच्या पेशी फुटल्या की आत वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली गंधकाची द्रव्यं आणि विकरं (एन्झाइम) एकमेकांत मिसळतात, आणि दोन-तीन पावलांत हवेत उडणारं एक द्रव्य तयार होतं. त्याचं रासायनिक नाव सिन-प्रोपेनथायल-एस-ऑक्साइड. त्यातलं शेवटचं पाऊल घडवून आणणारं विकर जपानी संशोधकांनी २००२ साली शोधलं. त्या कामासाठी त्यांना २०१३ मध्ये इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. खरं तर त्यांचा एक सत्कार लासलगावच्या मार्केट यार्डातही व्हायला हवा होता.

ही वाफ डोळ्याला लागली की पुढचं काम नसांचं. बुबुळाच्या समोर जो पारदर्शक पडदा असतो, कॉर्निया, त्याच्या वरच्या थरात नसांची उघडी टोकं पसरलेली असतात. ती वाफ ओळखतात. निरोप चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या पाचव्या नसेतून, म्हणजे ट्रायजेमिनलमधून, मेंदूच्या बुंध्याशी जातो. तिथून सातव्या नसेच्या वाटेने वरच्या पापणीमागच्या अश्रुग्रंथीला हुकूम सुटतो आणि डोळे वाहायला लागतात. त्यामुळे कांद्याने आलेलं पाणी म्हणजे ही सगळी साखळी शाबूत असल्याची खूण. कॉर्नियाच्या नसा मंदावल्या तर ग्रंथी धडधाकट असूनही तिला कुणी सांगायलाच येत नाही.

मात्र यावरून घरी निदान करायला बसू नका. कांद्याने पाणी न येण्याची निरुपद्रवी कारणंही भरपूर आहेत. फ्रीजमधला गार कांदा कमी झोंबतो. धारदार सुरीने पेशी कमी चिरडल्या जातात, आणि चाळीस वर्षं चिरणाऱ्या बाईची सुरी बोथट असेल असं मला वाटत नाही. पंखा पाठीमागून असेल तर वाफ पुढे निघून जाते. मोठा चष्मा असेल तर तोही थोडी वाफ अडवतो. वयानुसार कॉर्नियाची संवेदना प्रत्येकाचीच थोडी कमी होते. त्यातल्या त्यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे की एकाच खोलीत, एकाच ढिगातला कांदा चिरताना तुम्हा दोघींना पाणी आलं आणि त्यांना थेंबभरही नाही, आणि त्यांना १७ वर्षांची साखर आहे.

साखर पायांच्या नसांवर परिणाम करते हे घरोघरी माहीत झालंय. मुंग्या येतात, चप्पल निसटलेली कळत नाही. डोळ्यांचं म्हटलं की सगळे पडद्याविषयी बोलतात, मागच्या पडद्यावर रक्त उतरतं वगैरे. ते खरंच आहे, पण समोरच्या कॉर्नियाकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, असत्या तर तो पारदर्शक राहिला नसता. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. पण नसांची दाटी इतकी की शरीराच्या पृष्ठभागावर दुसरीकडे कुठे तशी नाही. कातडीच्या तुलनेत तीनशे ते सहाशे पट असं डोळ्यांची पुस्तकं सांगतात. म्हणून तर कुसळाचा कण गेला तरी माणूस हैराण होतो. पायांच्या लांब नसांसारख्याच या बारीक नसासुद्धा साखरेने झिजतात. कॉन्फोकल नावाच्या सूक्ष्मदर्शकाने जिवंत माणसाच्या कॉर्नियातल्या नसा दिसतात, आणि मधुमेही रुग्णांमध्ये त्या विरळ, तुटक दिसतात. काहींमध्ये पाय बधिर व्हायच्या आधीच.

या नसांचं काम नुसतं दुखण्याची वर्दी देणं एवढंच असतं तर त्या कमी झाल्याचं इतकं वाईट वाटलं नसतं. पण त्या कॉर्नियाला पोसतातही. नसांच्या टोकांतून सब्स्टन्स पी, सीजीआरपी अशी द्रव्यं झिरपतात, ती वरच्या थरातल्या पेशींना वाढायला आणि जखम भरून काढायला मदत करतात. उलट बाजूने त्या पेशी नर्व्ह ग्रोथ फॅक्टर तयार करतात आणि नसांना जगवतात. शिवाय डोळ्यावरचं पाणी सुकायला लागलं की पृष्ठभाग किंचित गार होतो, तो गारवा ओळखणाऱ्या वेगळ्या नसा आहेत, त्यांच्याच सांगण्यावरून आपल्याला नकळत दिवसभर थोडं थोडं पाणी सुटत राहतं. पापण्या मिटण्याचा इशाराही तिथूनच जातो. नसा गेल्या की पाणी कमी, मिटणं कमी, पोषण कमी, आणि भरीला जखम झालेली कळत नाही. हे सगळं एकाच डोळ्यात एकाच वेळी चालतं. डॉक्टरी भाषेत या अवस्थेला न्यूरोट्रॉफिक केराटायटिस म्हणतात.

तुमच्या दिरांनी मोबाइलवर जे पाहिलं त्याचं मूळ इथे आहे. नसांची आणि पेशींची ही द्रव्यं डोळ्याच्या पाण्यात उतरतात. मग नसेला हात न लावता, नुसतं पाणी टिपून तिची खबर का काढू नये? कल्पना चांगली आहे आणि त्यावर खरोखर काम चाललंय. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मधुमेही लोकांच्या अश्रूंतलं सब्स्टन्स पी मोजलं, ते निरोगी लोकांपेक्षा कमी निघालं, आणि ज्यांच्या कॉर्नियातल्या नसा विरळ होत्या त्यांच्यात ते कमी असण्याचा कल दिसला. कोरड्या डोळ्यांच्या रुग्णांमध्ये सीजीआरपी कमी आणि नर्व्ह ग्रोथ फॅक्टर उलट वाढलेला, असं इटलीतल्या अभ्यासात आढळलं. म्हणजे बघा, एक घटतं, दुसरं वाढतं. वाढतं ते बहुधा दुखावलेल्या डोळ्याने नसा सावरण्यासाठी केलेल्या धडपडीतून. आकडा वर गेला म्हणजे वाईट आणि खाली आला म्हणजे चांगलं, असं साखरेच्या रिपोर्टसारखं सरळ गणित इथे नाही.

तुम्ही पंचवटीच्या, म्हणून दुतोंड्या मारुतीचंच उदाहरण देते. पाणी मारुतीच्या गुडघ्याला आहे की छातीला, यावरून गोदेला किती पूर आलाय हे सगळं गाव ओळखतं. पण ते पाणी गंगापूर धरणातून सोडलेलं की शहरातल्या पावसाचं, हे मारुती सांगत नाही. अश्रूंतल्या या द्रव्यांचं आज तसंच आहे. काहीतरी बिघडलंय एवढं ती दाखवतात. बिघाड साखरेचा, जुन्या नागिणीचा, ऑपरेशनच्या छेदाचा की नुसत्या कोरडेपणाचा, ते त्यांच्यावरून कळत नाही.

शिवाय पाणी टिपणं हेच अवघड काम आहे. डोळ्यावर एका वेळी जेमतेम सात मायक्रोलिटर पाणी असतं. औषधाच्या बाटलीतून पडणारा एक थेंब त्याच्या कितीतरी पट मोठा असतो, म्हणून तर अर्धा थेंब गालावर ओघळतो. त्या सात मायक्रोलिटरमधलं थोडंसं काचेच्या केसाएवढ्या नळीने घ्यायचं, आणि घेताना डोळ्याला जरा जरी टोचलं तर ग्रंथीतून भसकन नवं पाणी येतं आणि सगळं पातळ होऊन बसतं. रडताना किंवा कांदा चिरताना गोळा केलेले अश्रू या कामाला उपयोगाचे नाहीत. शांत डोळ्यावरचं रोजचं पाणी हवं. द्रव्यांचं प्रमाण इतकं सूक्ष्म की एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीच्या आकड्याशी जुळवायला संशोधकांनाच नाकी नऊ येतात. त्यामुळे सब्स्टन्स पी किंवा नर्व्ह ग्रोथ फॅक्टरचा रिपोर्ट बघून औषध ठरवावं, अशी वेळ अजून आलेली नाही. कुणी पॅकेजमध्ये 'अश्रूंवरून नसांची तपासणी' विकत असेल तर पैसे खिशात ठेवा.

अश्रूंच्या दोन तपासण्या मात्र प्रत्यक्ष वापरात आहेत. एक अश्रूंचा खारटपणा मोजते. निरोगी डोळ्यात तो साधारण ३०० मिलीऑस्मोलच्या आसपास असतो. ३०८ च्या वर गेला, किंवा दोन डोळ्यांत आठाहून जास्त फरक निघाला, की कोरड्या डोळ्याचा संशय घेतात. दुसरी एमएमपी-९ नावाचं, दाह झाल्यावर वाढणारं विकर दाखवते, दहा मिनिटांत पट्टीवर रेघ उमटते. दोन्ही उपयोगी आहेत, पण त्या नसा मोजत नाहीत. नसांना त्रास देणारं वातावरण तयार झालंय का, एवढंच सांगतात. प्रत्येक दवाखान्यात ही यंत्रं नसतात आणि सासूबाईंसाठी ती शोधत फिरावं असं मला वाटत नाही.

मग मुंबईला जायचं का? आज तरी नाही. त्यांच्या नसांचा अंदाज घ्यायला जे लागतं ते नाशिकच्या कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरांच्या टेबलावर आहे, आणि त्याची किंमत जवळजवळ शून्य आहे. कापसाचा बोळा.

कापसाची एक बारीक वात ओढून, पिळून तिचं टोक केसाएवढं करायचं. रुग्णाने समोर बघायचं. डॉक्टर बाजूने, दिसू न देता, ते टोक कॉर्नियाला हलकेच टेकवतात. मध्यभागी, मग चारही बाजूंना. शाबूत डोळा क्षणात मिटतो. मग दुसरा डोळा. दोन्ही सारखं जाणवलं का, हे विचारायचं. ज्यांना नेमका आकडा हवा त्यांच्यासाठी कोशे-बोने नावाचं एक उपकरण आहे, त्यात ६० मिलिमीटरपर्यंत लांबवता येणारा नायलॉनचा धागा असतो. लांब धागा मऊ, आखूड धागा ताठ. धागा जितका आखूड केल्यावर जाणवतो तितकी संवेदना कमी. कॉर्नियाचे तज्ज्ञ ते वापरतात. पण पहिल्या भेटीला कापूस पुरतो.

एक गोष्ट मात्र दारातच सांगा, सौम्यपणे पण स्पष्ट. संवेदना तपासायची ती डोळा बधिर करणारे थेंब घालायच्या आधी. डोळ्यांचा दाब मोजण्यासाठी हे थेंब बऱ्याचदा सुरुवातीलाच घालतात, गर्दीच्या ओपीडीत तर रांगेत बसवूनच. थेंब पडला की अर्धा तास तरी कापसाच्या तपासणीला अर्थ राहत नाही. "आईंना डोळ्यात काही जाणवत नाही असं वाटतं, थेंबांआधी कापसाने बघाल का?" एवढंच म्हणा. कुठल्याही डॉक्टरला याचा राग यायचं कारण नाही. उलट कांद्याची गोष्ट सांगितलीत तर ते खुर्चीत पुढे सरकून ऐकतील. घरी कापूस घेऊन हा प्रयोग करू नका, त्या डोळ्याला आधीच जखम असू शकते.

त्याच भेटीत आणखी दोन साध्या तपासण्या होतील. केशरी रंगाची एक पट्टी ओली करून पापणीत टेकवतील आणि निळ्या प्रकाशात बघतील. वरचा थर सोललेला असेल तिथे हिरवं चमकतं. आणि खालच्या पापणीत पाच मिनिटं कागदाची पट्टी अडकवून पाणी किती पाझरतं ते मोजतील. ही शर्मर तपासणी १९०३ पासून चालत आलेली आहे. दहा मिलिमीटरच्या वर भिजली तर ठीक, पाचच्या आत राहिली तर पाणी फारच कमी. ही पट्टी बधिर न करता लावली तर ती डोळ्याला थोडी टोचते, आणि टोचल्याने किती पाणी येतं हेही तिच्यात धरलं जातं. म्हणजे याही तपासणीत नसांची थोडी साक्ष असते.

डॉक्टर विचारतील त्याआधीच काही गोष्टी आठवून ठेवा. उजव्या बाजूच्या कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर कधी नागीण उठली होती का? नागिणीने एका बाजूची संवेदना वर्षानुवर्षं मंद राहू शकते, आणि तुमच्या पत्रात बिघाड उजवीकडे दिसतोय म्हणून हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. ओठाला वरचेवर बारीक फोड येतात तसा प्रकार कधी डोळ्यात झाला होता का? काचबिंदूचे थेंब चालू आहेत का? मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा छेदही काही नसा कापतो, पण तो परिणाम सहसा काही महिन्यांत ओसरतो. तीन वर्षांनी एकट्या त्यालाच दोष देणं मला पटत नाही.

आणि आता ते मेडिकलचे थेंब. नाव तुम्ही लिहिलं नाही, त्यामुळे सरसकटच सांगते. डॉक्टरांना भेटेपर्यंत बंद करा, पण बाटली फेकू नका, बरोबर न्या. लाल डोळ्यासाठी काउंटरवरून मिळणाऱ्या थेंबांत तीन जातींचं मला भय वाटतं. स्टिरॉइडचे थेंब लाली दोन दिवसांत उतरवतात, माणूस खूश होतो आणि आत जंतूंना किंवा बुरशीला मोकळं रान मिळतं. डायक्लोफिनॅक, केटोरोलॅक अशा वेदनाशामक थेंबांनी कॉर्नियाची संवेदना आणखी दबते, आणि आधीच नसा कमकुवत असलेल्या डोळ्यात जखम वितळत खोल गेल्याची उदाहरणं आहेत. तिसरी जात बधिर करणाऱ्या थेंबांची. ते घरात असायलाच नकोत, दवाखान्यात एकदा घातल्यावर बरं वाटलं म्हणून नाव टिपून आणणारे लोक असतात, त्यातून डोळे गेलेले आहेत. साधे कृत्रिम अश्रूसुद्धा दिवसातून सहा-आठ वेळा घालायचे असतील तर बेन्झाल्कोनियम क्लोराइड नसलेले घ्यावेत. हे संरक्षक द्रव्य टिकाऊपणासाठी घालतात, पण रोज वारंवार पडलं की वरच्या थराला आणि नसांनाही बाधतं. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, दुकानदाराला वाचायला लावा.

समजा कापूस लागल्याचं सासूबाईंना कळलंच नाही. घाबरून जाऊ नका, यात पायऱ्या असतात. नुसता वरचा थर खरबरीत झाला असेल तर असे संरक्षकविरहित थेंब, रात्री मलम आणि वारंवार तपासणी यावर भागतं. वरचा थर सोलला गेला असेल आणि भरत नसेल तर डोळा काही दिवस मिटून ठेवतात, खास लेन्स बसवतात, किंवा रुग्णाच्याच रक्तातला द्रव पातळ करून त्याचे थेंब देतात, कारण त्यात हीच पोषणाची द्रव्यं असतात. जखम खोल जायला लागली तर मात्र घाई असते, पापण्या काही काळ अर्धवट शिवण्यापर्यंत वेळ येते. नर्व्ह ग्रोथ फॅक्टर स्वतः थेंबांच्या रूपात तयार झालाय, सेनेजर्मिन नावाने. दिवसातून सहा वेळा, आठ आठवडे. युरोपात २०१७ आणि अमेरिकेत २०१८ साली त्याला मान्यता मिळाली. किंमत ऐकली तर कांदा न चिरता पाणी येईल. या द्रव्याचा शोध रीटा लेव्ही-मोन्ताल्चिनी या इटालियन बाईंचा. महायुद्धाच्या आधी, १९३८ च्या ज्यूविरोधी कायद्यांमुळे त्यांना विद्यापीठातून काढून टाकलं होतं, तेव्हा युद्धाच्या काळात त्यांनी आपल्या झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा मांडून कोंबडीच्या अंड्यांतल्या भ्रूणांच्या नसा अभ्यासल्या. १९८६ चं नोबेल त्यांना स्टॅन्ले कोहेन यांच्याबरोबर मिळालं. त्या कामातून डोळ्याचं औषध निघेल असं तेव्हा कुणाच्या मनातही नसेल. अलीकडे इन्शुलिनचे थेंबही न भरणाऱ्या जखमांसाठी वापरतात आणि ते खूप स्वस्त पडतात. ते डॉक्टर बनवून घेतात, घरातल्या इन्शुलिनच्या बाटलीतून कुणी थेंब घालायचे नाहीत.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडचं काम झालं की साखरेच्या डॉक्टरांकडेही जा. तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, बघा. पाय तपासून घ्या. तिथेही नायलॉनचाच धागा असतो, दहा ग्रॅम दाबाचा. डोळा बधिर असेल तर पायही बधिर असण्याची शक्यता बरीच, आणि पायाची जखमसुद्धा अशीच न दुखता वाढते. बी-१२ तपासायला सांगा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये ते कमी होतं, त्यात माणूस शाकाहारी असला तर आणखीच, आणि बी-१२ ची कमतरता नसांना स्वतंत्रपणे दुबळं करते. ती भरून काढणं सोपं आणि स्वस्त आहे, मग का सोडायचं? डोळ्याच्या मागच्या पडद्याची तपासणी वर्षाला एकदा व्हायलाच हवी. गेल्या वर्षी झाली नसेल तर याच फेरीत उरकून घ्या.

डॉक्टर हिरवा कंदील देईपर्यंत कांदा बंद. कांद्याच्या वाफेने जखम होते म्हणून मी हे सांगत नाही. तिखटाचा हात डोळ्याला लागला, तर्रीचा थेंब उडाला, तर तुम्ही किंचाळून नळाकडे धावाल. सासूबाई पदराने डोळा पुसून पुढची प्लेट भरतील. स्कूटरवर मागे बसताना गॉगल असू द्या, शहरभर खोदकामाची धूळ आहे. रात्री डोळे पूर्ण मिटतात का ते बघा, आणि पंख्याचा झोत थेट चेहऱ्यावर नको.

त्या यायला तयार नाहीत, ही खरी अडचण. "तुमच्या डोळ्यात दोष आहे" असं म्हणून बघू नका. चाळीस वर्षांच्या कामाचा अभिमान आहे त्यात, आणि तो रास्त आहे. दुखत नाही म्हणूनच डॉक्टरांनी बोलावलंय, असं माझं नाव घेऊन सांगा. एक डोळा हाताने झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावा, मग दुसरा. उजव्याने तारखा वाचता आल्या नाहीत तर त्यांचं त्यांनाच पटेल. आणि पुढच्या काही तासांत पू आला, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला किंवा नजर आणखी घसरली तर उद्याची वाट बघू नका, रात्री सिव्हिलच्या तातडीच्या विभागात न्या.

मोबाइलवरचा शोध तुमच्या दिरांचा, तेव्हा त्यांनाच काम द्या: उद्या सकाळी दुकान जाऊबाईंवर सोपवून सासूबाईंना गाडीवर बसवायचं, साखरेची फाइल, गोळ्यांची पाकिटं आणि ती थेंबांची बाटली पिशवीत घ्यायची, आणि तपासणी सुरू व्हायच्या आधी कापसाचं बोलायचं.